तीन बेटांची सफर

अंदमानला गेलेल्या प्रवाशाच्या कार्यक्रमात एक दिवस बहुधा नावेचा असतो. श्रीविजयपुरम, म्हणजे २०२४ पर्यंत ज्या गावाला आपण पोर्ट ब्लेअर म्हणत होतो, तेथल्या अबर्डीन धक्क्यावरून सकाळी लाँच सुटते. बंदराच्या तोंडाशीच रॉस बेट आहे. तेथे वडपिंपळाच्या जातीच्या झाडांनी मुळांत आवळून धरलेल्या पडक्या इमारती, माणसाला न भिणारी हरणे आणि माडांची राई पाहावयाची. बंदराच्या आत वळले की व्हायपर हे लहानसे बेट लागते. त्याच्या उंचवट्यावर घुमटाची एक पडीक वास्तू उभी आहे. मग समोरच्या किनाऱ्यावरील नॉर्थ बे गाठावयाचा. हे खरे तर बेट नव्हे, दक्षिण अंदमानचाच एक उपसागर. पण पर्यटक तेथे पाण्यावरूनच जातात, म्हणून तीन बेटांच्या सफरीत त्याचीही गणना होते. तेथे काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहावे, उथळ पाण्यात डुंबावे, शहाळ्याचे पाणी प्यावे आणि दिवस मावळण्यापूर्वी परतावे, असा हा क्रम आहे.

श्रोतेहो, ही सफर आजच्या पर्यटनाची निर्मिती आहे असे वाटणे साहजिक आहे. परंतु १८७२ साली फेब्रुवारीच्या आठ तारखेस एका बड्या पाहुण्याने जवळजवळ याच मार्गाने एक दिवसाची जलयात्रा केली होती. सकाळी रॉस, मग व्हायपर, मग चॅथम आणि सायंकाळी नॉर्थ बेच्या पाठीशी उभा असलेला माउंट हॅरिएट हा डोंगर. पाहुणा होता हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. त्या सफरीहून तो जिवंत परतला नाही. त्याची यात्रा आणि आपली सहल यांचा मार्ग एक का, याचे उत्तर शोधू लागलो म्हणजे या तीन ठिकाणांचा परस्परसंबंध उलगडतो. ती मुळात तीन प्रेक्षणीय स्थळे नव्हती. एकाच तुरुंगाची ती तीन दालने होती.

हे बंदर इंग्रजांच्या नकाशावर आले ते ईस्ट इंडिया कंपनीच्या बाँबे मरीनमधील लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर याच्यामुळे. मुंबईच्या त्या आरमारातील हा अधिकारी मोजणीच्या कामात निष्णात होता. त्याने १७८९ मध्ये चॅथम बेटावर पहिली वसाहत उभी केली. त्याच्या 'व्हायपर' या जहाजाचेच नाव पुढे त्या लहानशा बेटास मिळाले. १७९२ मध्ये ही वसाहत उत्तर अंदमानात हलविण्यात आली. परंतु रोगराईने माणसे इतकी मरू लागली, की १७९६ मध्ये कंपनीने तेथला सारा संसार आवरला. त्यानंतर साठ वर्षे या बेटांकडे सरकारने वसाहतीच्या दृष्टीने पाहिले नाही. ते पुन्हा पाहावे लागले १८५७ च्या उठावानंतर. शिक्षा झालेल्या शिपायांचे आणि बंडवाल्यांचे करावयाचे काय, हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा कोणाला तरी ब्लेअरचा नकाशा आठवला असावा. १८५८ च्या १० मार्चला डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर हा 'सेमिरॅमिस' या जहाजातून दोनशे बंदिवान घेऊन येथे उतरला. तो पूर्वी आग्र्याच्या तुरुंगाचा अधीक्षक होता, म्हणजे बंदिवान सांभाळण्याचा त्याचा अनुभव दगडी भिंतींच्या आतला होता. येथे त्याच्यापाशी भिंत नव्हती. भिंतीचे काम समुद्राने करावे, अशी योजना होती.

आरंभ पुन्हा चॅथमवरच झाला. परंतु तेथे पिण्याचे पाणी पुरेना, म्हणून मुख्य ठाणे रॉस बेटावर नेण्यात आले. डॅनियल रॉस या सागरी मोजणीदाराच्या नावाचे हे बेट एक चौरस किलोमीटरही भरणार नाही. बंदिवानांनी तेथले दाट जंगल तोडले, जमीन सपाट केली आणि आपल्याच अधिकाऱ्यांसाठी इमारती उठविल्या. कालांतराने तेथे मुख्य आयुक्ताचा प्रासाद झाला, चर्च झाले, बेकरी, छापखाना, पोहण्याचा तलाव आणि दफनभूमीही झाली. बेटाचा उत्तर भाग साहेबलोकांचा, दक्षिणेकडे बंदिवानांच्या बराकी. सुमारे ऐंशी वर्षे साऱ्या अंदमानचा कारभार या एवढ्याशा भूमीवरून चालला. बंदराच्या तोंडाशी बसले म्हणजे येणारे प्रत्येक जहाज दिसते आणि मुख्य भूमीवर बंड झालेच तर मध्ये पाणी असते. स्थान निवडण्यामागचा हिशेब एवढाच सरळ होता.

समुद्राच्या भिंतीवर बंदिवानांचा विश्वास मात्र लगेच बसला नाही. पहिल्या काही महिन्यांत ते टोळ्याटोळ्यांनी पळाले. जंगलातून उत्तरेकडे चालत राहिले तर दहा दिवसांत ब्रह्मदेश लागतो, अशी बातमी त्यांच्यात पसरली होती. मधल्या समुद्राने तो देश अलग केलेला आहे, हे गंगेच्या खोऱ्यातून आणलेल्या शिपायाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पळालेल्यांपैकी किती तरी जण भुकेने आणि बाणांनी मेले. जे हाती लागले, त्यांपैकी ऐंशीहून अधिक जणांना वॉकरने एकाच दिवशी फासावर दिले. ही शिक्षा कलकत्त्याच्या सरकारलाही पसंत पडली नाही. पण तोपर्यंत ती अमलात आली होती.

यांतील दूधनाथ तिवारी नावाच्या शिपायाची कथा निराळी आहे. १८५८ च्या एप्रिलमध्ये तो पळाला, जखमी झाला आणि ज्या अंदमानी लोकांनी त्याच्या साथीदारांना मारले त्यांनीच त्याला पदरी घेतले. वर्षभर तो त्यांच्यात राहिला, त्यांची भाषा शिकला, त्यांच्यातच त्याने लग्न केले. १८५९ च्या मे महिन्यात ही माणसे वसाहतीवर मोठा हल्ला करण्यास निघाली. आपल्या जंगलावर रोज कुऱ्हाड चालत आहे, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होते. दूधनाथाने आधीच येऊन इंग्रजांना खबर दिली. अबर्डीनच्या लढाईत धनुष्यबाण तोफाबंदुकांपुढे टिकले नाहीत. दूधनाथाला पुढे माफी मिळाली. आज आपली लाँच ज्या अबर्डीनहून सुटते, तेथेच या लढाईचे एक स्मारक आहे.

लढाईने जे केले नाही ते पुढच्या स्नेहाने केले. १८६३ मध्ये रॉस बेटावर 'अंदमान होम' नावाची संस्था निघाली. आदिवासींना तेथे आणावे, कपडे घालावेत, इंग्रजी शिकवावे, असा तिचा उद्देश होता. या सहवासातून उपदंश, गोवर यांसारखे रोग त्यांच्यात शिरले आणि त्या रोगांना त्यांच्या शरीरात प्रतिकार नव्हता. १८५८ मध्ये काही हजार असलेले ग्रेट अंदमानी लोक १९०१ च्या जनगणनेत ६२५ उरले. १९६१ च्या जनगणनेत १९. त्यांच्यातील 'बो' ही भाषा बोलणारी अखेरची वृद्धा बोआ सीनिअर २०१० च्या जानेवारीत वारली. रॉसच्या चर्चचे अवशेष आपण कौतुकाने पाहतो. त्याच बेटावर एका समाजाच्या ऱ्हासास आरंभ झाला, त्याचे मात्र कोणतेही भग्नावशेष पाहावयास मिळत नाहीत, कारण त्या लोकांनी दगडविटांचे काही बांधलेच नव्हते.

रॉस ही जर या तुरुंगाची कचेरी, तर व्हायपर ही त्याची अंधारकोठडी होती. समुद्राची भिंत ओलांडू पाहणारे, हुकूम मोडणारे, पुन्हा अपराध करणारे असे बंदिवान तेथे पाठवीत. त्यांच्या पायांतील बेड्या एका लांब साखळीत ओवून त्यांना कामाला जुंपीत. या उलट, ज्याची वागणूक चांगली त्याला वर्षे लोटल्यावर पायरीपायरीने मोकळीक मिळे. अखेर जमिनीचा तुकडा, गुरे आणि स्त्रीबंदिवानांपैकी एखादीशी विवाहाची परवानगीही मिळे. शिस्तीने वागलास तर शेतकरी होशील, न वागलास तर व्हायपरला जाशील, असा हा हिशेब प्रत्येक बंदिवानापुढे मांडलेला असे. कोणते बेट कोणासाठी, हे ठरलेले असल्यामुळे बंदराच्या एका चकरेत सारी व्यवस्था पाहून होई. लॉर्ड मेयो ती पाहण्यासाठीच आला होता.

ब्रह्मदेशाचा दौरा आटोपून 'ग्लासगो' या युद्धनौकेवरून तो आला. दंडवसाहतीच्या शिस्तीत सुधारणा करावयाच्या होत्या. त्यापूर्वी स्वतः पाहणी करावी, असा त्याचा विचार होता. सकाळी रॉस पाहून झाले. व्हायपरवर सर्वांत धोक्याचे कैदी, म्हणून तेथे बंदोबस्त कडेकोट होता. चॅथमही पाहून झाले. कार्यक्रम संपला तेव्हा दिवसाचा तासाभराचा उजेड शिल्लक होता. समोरच्या माउंट हॅरिएटवरून सूर्यास्त पाहू, असे व्हाइसरॉयनेच सुचविले. डोंगराला हे नाव अधीक्षक टायटलर याच्या पत्नीवरून पडले होते. बाराशे फुटांच्या त्या माथ्यावर तो काही वेळ बसला. बंदर, बेटे आणि मावळता सूर्य पाहून तो मुग्ध झाला, असे त्याच्या बरोबरच्या लोकांनी नमूद केले आहे. आज नॉर्थ बेच्या वाळूवरून प्रवासी ज्या सौंदर्याचे छायाचित्र घेतात, तेच त्याने वरून पाहिले.

उतरून पायथ्याच्या होपटाउन धक्क्यावर येईपर्यंत अंधार पडला. मशालींच्या उजेडात तो लाँचकडे निघाला. तेवढ्यात काळोखातून एक माणूस झेपावला आणि त्याने व्हाइसरॉयच्या पाठीत दोनदा सुरी खुपसली. मेयो धक्क्यावरून उथळ पाण्यात पडला, उठूनही उभा राहिला. पण 'ग्लासगो'कडे नेत असतानाच त्याचा प्राण गेला. ब्रिटिश राजवटीत मारेकऱ्याच्या हातून मृत्यू पावलेला तो एकमेव व्हाइसरॉय होय.

मारेकरी शेर अली हा खैबरकडचा आफ्रिदी पठाण. तो पूर्वी पेशावरला इंग्रज अधिकाऱ्यांच्याच घोडदळात नोकरीस होता. घराण्याच्या वैरातून झालेल्या एका खुनाबद्दल १८६७ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली होती. ती कमी करून जन्मठेपेवर त्याला अंदमानला धाडले. कुलवैराचा सूड हा त्याच्या मुलुखात अपराध मानीत नसत, म्हणून ही शिक्षा त्याला अन्यायाची वाटत असे. येथे मात्र त्याचे वर्तन उत्तम ठरले होते. म्हणूनच त्याला होपटाउनला मोकळेपणाने राहून न्हाव्याचे काम करण्याची मुभा मिळाली होती. ज्याला धोकादायक समजले ते व्हायपरवर साखळीत होते. ज्याने घाव घातला तो शिस्तीच्या पायऱ्या चढून विश्वासास पात्र झालेला होता. आपल्याला सामील कोण, असे विचारता त्याने ईश्वराचे नाव घेतले, अशी नोंद आहे. दुसऱ्याच दिवशी खटला झाला, कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली आणि ११ मार्च १८७२ रोजी व्हायपर बेटावर त्याला फाशी देण्यात आले. मेयोच्या नावे अजमेरला कॉलेज आणि लाहोरला रुग्णालय झाले. शेर अलीला आपण वीर म्हणावे की खुनी, याचा निकाल येथे करावयाचा नाही. पण सकाळी ज्या बेटावर व्हाइसरॉयने सरकारी पाहणी केली, तेथेच महिनाभराने त्याच्या मारेकऱ्याचा शेवट झाला, एवढे व्हायपरवर पाय ठेवताना आठवणीत असावे.

समुद्राच्या भिंतीवरील सरकारचा विश्वास पुढील काळात आणखी डळमळला, पण वेगळ्या कारणाने. १८९० मध्ये लायल आणि लेथब्रिज या दोन अधिकाऱ्यांनी वसाहतीची चौकशी केली. देशातील तुरुंगापेक्षा अंदमान बरे, असे बंदिवानांनाच वाटू लागले आहे, शिक्षेचा धाक उरलेला नाही, असा त्यांचा अभिप्राय पडला. आरंभीचे दिवस एकांत कोठडीत काढावे लागावेत, अशी शिफारस झाली. त्यातून १८९६ मध्ये सेल्युलर जेलचे बांधकाम सुरू झाले आणि १९०६ मध्ये ते पुरे झाले. मधल्या मनोऱ्यापासून सात दिशांनी निघालेल्या तीन मजली सात इमारती, सुमारे सातशे कोठड्या, आणि एका कोठडीतून दुसरी दिसू नये अशी रचना. महाराष्ट्रात अंदमान म्हटले की हा तुरुंग डोळ्यांसमोर येतो, आणि ते योग्यच आहे. बाबाराव आणि विनायक या सावरकर बंधूंनी १९२१ पर्यंत आयुष्याची उमेदीची वर्षे तेथे काढली. विनायकराव ४ जुलै १९११ रोजी तेथे पोहोचले. कोलूचा तो इतिहास मराठी वाचकाला घरचा आहे. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंग, मोहन किशोर नामदास आणि मोहित मैत्र यांनी येथेच देह ठेवला. परंतु हा तुरुंग दंडवसाहतीच्या उत्तरार्धातला आहे, ही गोष्ट आपल्या ध्यानात सहसा राहत नाही. त्यापूर्वीची अठ्ठेचाळीस वर्षे अंदमानात जे हजारो बंदिवान राहिले आणि मेले, त्यांच्या वाट्याला अशी प्रसिद्ध वास्तू आली नाही. त्यांची वास्तू म्हणजे ही बेटेच होत.

रॉसचा अंतही थोडक्यात सांगितला पाहिजे. २६ जून १९४१ च्या भूकंपाने तेथल्या इमारती खिळखिळ्या झाल्या. २३ मार्च १९४२ रोजी जपानी सैन्य उतरले. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकविला. बेटांना त्यांनी शहीद आणि स्वराज अशी नावे दिली. त्याच सुमारास डॉ. दिवाण सिंग हे पंजाबी कवी आणि सेवाभावी डॉक्टर सेल्युलर जेलमध्ये जपान्यांचा छळ सोशीत होते. १४ जानेवारी १९४४ रोजी त्यांचा मृत्यू झाला. पुढे ३० जानेवारीस हम्फ्रेगंज येथे ४४ भारतीयांना हेरगिरीच्या आरोपावरून गोळ्या घालण्यात आल्या. ऑक्टोबर १९४५ मध्ये इंग्रज परतले. त्यांनी दंडवसाहत कायमची मोडली आणि रॉसची राजधानी काही पुन्हा वसली नाही. ओस पडलेल्या त्या बेटावर झाडांनी भिंती ताब्यात घेतल्या. १९७९ मध्ये ते भारतीय नौदलाकडे आले. २०१८ मध्ये त्याला नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप हे नाव मिळाले. तेथे आज हाताने खाऊ घेणारी चितळे आहेत, ती इंग्रजांनी बाहेरून आणून सोडलेल्या हरणांची प्रजा होय.

नॉर्थ बे हे सफरीचे शेवटचे आणि सर्वांत आनंदाचे ठिकाण. त्याचे दीपगृह आणि माडांनी चौकट धरलेला तो किनारा पुष्कळ भारतीयांनी अंदमानला न जाताच पाहिला आहे. २००१ साली निघालेल्या वीस रुपयांच्या नोटेच्या पाठीवर तोच देखावा होता. २०१९ च्या नव्या नोटेवर त्याची जागा आपल्या वेरूळने घेतली. या किनाऱ्यामागचा डोंगर १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरचे महाराज कुलचंद्र सिंह आणि त्यांचे सहकारी यांच्या बंदिवासाची जागा झाला. २०२१ मध्ये त्या स्मरणार्थ माउंट हॅरिएटचे नामांतर माउंट मणिपूर असे झाले. म्हणजे पायथ्याला पठाणाची सुरी, माथ्यावर मणिपुरी राजा, समोरच्या तुरुंगात नाशिकचे आणि बंगालचे तरुण! देशाच्या साऱ्या दिशांची माणसे सरकारने शिक्षा म्हणून येथे एकत्र आणली. त्यांच्यातील जे राहिले त्यांना परस्परांशी बोलण्यास हिंदुस्थानी हीच एक भाषा होती. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी जात आणि प्रांत बराचसा विसरून एक समाज उभा केला. हे कोणत्याही अधिकाऱ्याच्या योजनेत नव्हते.

नावे बदलणे हे स्वतंत्र देशाचे कर्तव्यच आहे, आणि ज्यांची नावे दिली गेली ती माणसे त्या मानाला सर्वथा पात्र आहेत. तथापि नव्या पाट्यांवरही मोठ्यांचीच नावे येतात. ज्यांनी रॉसचे जंगल तोडले, ज्यांना वॉकरने एका दिवसात लटकावले, जे साखळीत ओवलेले व्हायपरवर मेले, आणि ज्यांची ही भूमी त्या सर्वांच्या आधी होती, त्यांच्या नावांची पाटी अद्याप कोठे लागलेली नाही. सरकारी दप्तरात त्यांतील पुष्कळांचे क्रमांक आहेत. क्रमांकापुढे नाव, गाव आणि अपराध लिहिलेला आहे. दप्तर हाताळणाऱ्याला ठाऊक असते, की अशी नोंद मुद्दाम कोणी उघडल्याशिवाय बोलत नाही.

म्हणून प्रवाशाने या सफरीचा आनंद टाकावा, असे मी म्हणणार नाही. समुद्र सुंदर आहे, प्रवाळ सुंदर आहे, आणि बंदिवानांच्या नातवंडांच्या गावात आज मुले निर्भयपणे पोहतात ही समाधानाची गोष्ट आहे. फक्त लाँचवरच्या वाटाड्याने बेटांची नावे सांगितली, म्हणजे त्याला एवढे विचारावे, की येथे कोणाला आणीत, आणि येथे आधी कोण राहत होते. पुष्कळांनी विचारले, तर तो उत्तर शोधून ठेवील.